जाऊ का मी याच्याबरोबर?

८ एप्रिल, सकाळ
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण मोठ्या नटांच्या आठवणी पुढेमागे कुणीतरी छापतंच, तेव्हा कच्चा माल हाताशी असावा.

आमच्या बालनाट्य कंपनीत मी चौदा वर्षं राजपुत्र आहे. ही राजकन्या. ही म्हणजे माझी खरीखुरी बायको. म्हणजे प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी माझं माझ्याच बायकोशी लग्न लागतं. असं भाग्य कोणाच्या वाट्याला येतं?

संकल्प: रोज पन्नास बैठका. राजपुत्राचा अंगरखा पोटावर आटलाय. धुणारा कापडाची काळजी घेत नाही.

९ एप्रिल
बैठका पाच. गुडघा.

१२ एप्रिल
मालकांच्या धाकट्या सुनेने दिग्दर्शन हातात घेतलंय. आज सगळ्यांना बसवून म्हणाली की हल्लीच्या सिनेमांत आणि कार्टूनमध्ये राजकन्या उठली आणि घोड्यावर बसून निघाली, असं होत नाही. मुलांना ते पटत नाही, ती चुळबुळ करतात. आपणही शेवट बदलायचा.

नवा शेवट असा. राजकन्या शापातून जागी होते. मग प्रेक्षकांतली मुलं राजपुत्राला हवे ते प्रश्न विचारणार. त्यानंतर राजकन्या पुढे येऊन मुलांनाच विचारणार, "जाऊ का मी याच्याबरोबर?" मुलं हो म्हणाली तर लग्न. नाही म्हणाली तर राजपुत्राने घोडा घेऊन परत जायचं.

मी मोठ्याने हसलो. मुलं आणि मला नाही म्हणणार! घोडामैदान जवळच आहे.

माझ्या स्वगताला हात लावलेला नाही, हे बरं. ही पलंगावर शापाने झोपलेली असते आणि मी शेजारी उभा राहून मन मोकळं करतो. मूळ संहितेत चार ओळी होत्या. मी वाढवत वाढवत तीन पानांवर नेल्या. ही डोळे मिटून सगळं ऐकते. जगातल्या कुठल्या नवऱ्याचं बायकोने इतकं शांतपणे ऐकून घेतलं असेल?

संध्याकाळी ही म्हणाली, जरा बोलायचंय. मी म्हटलं, आधी नवा शेवट बसू दे डोक्यात.

१४ एप्रिल
अभ्यास म्हणून चिंगीबरोबर टीव्हीसमोर बसलो. मुलगी दहा वर्षांची, पण या विषयात तिची पीएचडी आहे. पहिल्या कार्टूनमध्ये राजपुत्र भामटा निघाला. दुसऱ्यात राजकन्येने भर मांडवातून उठून सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. तिसऱ्यात राजपुत्र नव्हताच, आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

चिंगीला विचारलं, बाई गं, या बिचाऱ्याने केलं काय? ती म्हणाली, बाबा, तो काहीच करत नाही ना, नुसता येतो.

टीव्हीने पोरं वाया गेली आहेत.

१९ एप्रिल
नव्या शेवटाचा पहिला प्रयोग. मुलं नाही म्हणाली.

कारणं: हॉलमधले पंखे बंद. माझा माइक खरखरत होता. शिवाय पुढच्या दोन रांगा एकाच शाळेच्या, ती शाळाच उद्धट.

प्रश्नही काय! पहिल्याने विचारलं, तुझं पोट खरं आहे का. मग दोन वेण्यांची एक चिमुरडी उठली आणि म्हणाली, तिला काय आवडतं?

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, मी.

हॉल इतका हसला की लाइटवाल्याचा क्यू चुकला. मग सगळ्यांनी मिळून नाही, नाही, नाही. परत जाताना पुठ्ठ्याच्या घोड्याचं चाक अडलं. शेवटी ओढत नेला.

येताना गाडीत मी खिडकीशी. मला गाडी लागते, म्हणून खिडकी पहिल्यापासून माझी. हे सगळ्यांना मान्य आहे. ही मधल्या सीटवर, मांडीवर घोड्याचं मुंडकं, कारण ते डिकीत मावत नाही. माझं "मी" आठवून आठवून ही हसत होती. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग हसणं थांबलं तरी बराच वेळ डोळे पुसत होती. विनोद चांगलाच लागलेला दिसतो.

२१ एप्रिल
आज हिला बोलायचं होतं ते ही बोललीच. दुसऱ्या गावच्या शाळेने हिला नाटक शिकवायला बोलावलंय. राहायला दोन खोल्या. चिंगीला तिथेच प्रवेश. जूनपासून. ही हो म्हणून बसली आहे. म्हणाली, तूही चल, त्यांना सेट करणारा माणूस हवाय, तुझा हात चांगला आहे.

मी म्हटलं, राजपुत्र कधी राजकन्येच्या घरी राहायला जातो का? विनोदाने म्हटलं. ही हसली नाही.

माझं निदान: मुलांचं "नाही" हिच्या मनाला लागलंय. कलावंताने भूमिका इतकी अंगाला लावून घेऊ नये. एकदा मुलं "हो" म्हणाली की शाळेचं खूळ आपोआप उतरेल. तेव्हा प्रश्न घरचा नाही, प्रश्न मतदानाचा आहे.

२२ एप्रिल
पोटपट्टा आणला. मोहीम सुरू.

२६ एप्रिल
पट्ट्यामुळे स्वगतात श्वास पुरेना. "हे सुंदरी" नंतर थांबावं लागलं. मुलांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. निकाल: नाही.

३ मे
दारातच प्रत्येक मुलाला चॉकलेट वाटलं, राजपुत्राच्या वेशात. मुलांनी चॉकलेट खाल्लं आणि त्याच तोंडाने नाही म्हणाली. दोन वेण्यांची ती परत आली होती. पुन्हा तेच, तिला काय आवडतं? मी म्हटलं, चॉकलेट. ही पलंगावरून खाली उतरता उतरता म्हणाली, नाही रे. माइक चालू होता.

मालकांची सून खुर्च्यांना लागलेले डाग दाखवत फिरत होती. हात दाखवून अवलक्षण.

४ मे
पेपरात येणारा प्रश्न एकच आहे, हे आज लक्षात आलं. हिला काय आवडतं ते शोधायचं. मग निकाल आपला.

सरळ हिलाच विचारता येईल. पण तो पेपर फोडण्याचा प्रकार झाला. मी असल्या मार्गाने जाणार नाही.

१० मे
बायकांना फुलं आवडतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पलंग फुलांनी भरला. शापाने शंभर वर्षं झोपलेली राजकन्या माझ्या स्वगतात अकरा वेळा शिंकली. मुलं मोजत होती.

प्रयोगानंतर चेटकीण माझ्यावर खवळली. चेटकीण म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, एरवी ब्लाउज शिवते. म्हणाली, अरे, फुलांनी तिचं नाक बंद होतं, चौदा वर्षं संसार करतोस ना? मी म्हटलं, आमच्या घरात फुलं नसतातच, मग कळणार कसं? ती म्हणाली, का नसतात याचा विचार कर.

विचार करायला वेळ झाला नाही. घोड्याच्या चाकाला तेल घालायचं होतं.

१२ मे
चिंगीला विश्वासात घेतलं. म्हणाली, आईला खिडकी आवडते. मी म्हटलं, कुठली? म्हणाली, गाडीतली. मी म्हटलं, अगं पण मला गाडी लागते ना. चिंगी म्हणाली, हो ना.

आणखी एक. हिला पावाच्या कडा आवडतात अशी माझी इतकी वर्षं समजूत. मी मधला भाग खातो, कडा ही खाते. जोडी जमली, असं मी चारचौघांत सांगतो. चिंगी म्हणाली, आवडत नाहीत बाबा, उरतात.

रात्रीचं जेवण नीट गेलं नाही. बहुतेक पित्त.

१७ मे
चेटकिणीकडून जास्तीची माहिती. म्हणे हिला गाणं आवडतं. मी म्हटलं, ही कुठे गाते? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, राजकन्या जागी झाली की गायची. ते गाणं सहा वर्षांपूर्वी कापलं, तुझं स्वगत लांबलं म्हणून.

खरंच की. विसरलो होतो. पण निर्णय सर्वानुमते झाला होता. मी आणि मालक.

हिने तेव्हा काही म्हटल्याचं आठवत नाही. म्हटलं असेल. मी पाठांतरात असेन.

२२ मे
घरात आवराआवर. कपाटाचा अर्धा भाग रिकामा झालाय, पुस्तकं खोक्यांत. घर मोठं दिसतंय.

हिने पुन्हा विचारलं, येतोस का? हे शेवटचं विचारतेय, म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. म्हटलं, तीस तारखेचा प्रयोग होऊ दे. ही म्हणाली, तुझा प्रयोग नेहमीच तीस तारखेला असतो.

ते खरं नाही. एप्रिलचे एकोणीस आणि सव्वीसला होते.

२८ मे
सगळं तोंडपाठ. बाथरूममध्ये तालीम केली. या खेपेला अंगावर काटा आला. स्वगत एका पानावर आणलंय, स्वतःहून. त्याग, त्याग म्हणतात तो हाच.

आता बघू, कशी जाते ती.

३० मे
सुट्टीतला शेवटचा प्रयोग. हॉल भरलेला. चिंगी पहिल्या रांगेत.

दोन वेण्या उठल्याच. तिला काय आवडतं?

मी सांगितलं. गाडीत खिडकीशी बसायला आवडतं, पण तिथे मी बसतो. पावाच्या कडा आवडत नाहीत, पण मी सोडतो त्या ती खाते. फुलांनी शिंका येतात. गाणं आवडतं. तिचं एक गाणं होतं, ते मी कापलं.

पाठ केलेलंच होतं. पण शेवटच्या वाक्याला आवाज फाटला. तो तालमीत नव्हता.

मी गुडघ्यावर बसलो. ही पुढे आली, मुलांना विचारलं, "जाऊ का मी याच्याबरोबर?" आणि मुलं हो म्हणाली. अशी ओरडली की वरचे पत्रे हलले. हो! हो! हो! जिंकलो. हिच्याकडे पाहिलं, हिचे डोळे भरले होते. मनात म्हटलं, झालं, खोकी उद्या सोडायला घ्यायची.

ही मुलांना म्हणाली, याने अभ्यास छान केला ना? मुलं म्हणाली, हो. ही म्हणाली, याने सगळ्यांना विचारलं. मला सोडून.

मग तिथेच उभी राहून ते गाणं म्हणाली. पूर्ण. पेटीवाल्याला सूर सापडेपर्यंत तसंच म्हणाली. मला शब्द आठवत होते. चांगलं गाणं होतं. संपल्यावर मुलांना नमस्कार केला आणि उजव्या विंगेतून गेली. आमचं दोघांचं जाणं डावीकडून असतं.

मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. चिंगीपण. रडत होती आणि वाजवत होती.

मी गुडघ्यावरच. इतकी वर्षं मला उठताना ही हात देते. लोकांना ते प्रेम वाटायचं, मलाही. आज कळलं की गुडघा आपला आपण उठत नाही. शेवटी चेटकीण आली आणि बखोटीला धरून उठवलं.

मालकांची सून विंगेत नाचत होती. म्हणाली, हाच शेवट ठेवायचा.

३ जून, सकाळ
स्टँडवर गेलो होतो. हिच्या आणि चिंगीच्या आधी पोचलो. खिडकीच्या दोन जागा धरून ठेवल्या, पुढची आणि मागची, रुमाल आणि टोपी टाकून. हिने पाहिलं. माझा रुमाल घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, वरातीमागून घोडं. पण हसली. मग खिडकीशी बसली.

बसचा गियर पडला तेव्हा विचारलं, सेटवाला अजून हवाय का त्यांना? ही म्हणाली, मिळाला त्यांना, मागच्या आठवड्यात. चिंगीने खिडकीतून हात धरला होता, तो बस हलल्यावर सोडला.

टोपी बसमध्येच राहिली.

४ जून
बैठका: नाहीत. पावाचे दोन्ही भाग खाल्ले. कडा खरंच चांगल्या नसतात.

१४ जून
परगावचा प्रयोग. नवी राजकन्या गाते. माझं स्वगत पुन्हा चार ओळींचं झालंय. मुलांनी विचारलं, तिला काय आवडतं. मी म्हटलं, माहीत नाही, विचारावं लागेल. तरी मुलं नाहीच म्हणाली.

परत येताना नवी राजकन्या आईबरोबर तिच्या गावी उतरून गेली. खिडकी मोकळी होती. राजा (आमचा ड्रायव्हरही तोच) म्हणाला, बस की. मी मधल्या सीटवर बसलो, मांडीवर घोड्याचं मुंडकं घेऊन. वाटेत सगळा घाट होता, वळणावर वळणं.

गाडी लागली नाही.