यादीत नाव असेल त्यानंच मेल पाठवावा

४ ऑक्टोबर १९९९
कंपनीच्या मेल सर्व्हरवरून कुण्या बाहेरच्यानं केसांच्या तेलाच्या हजारो जाहिराती पाठवल्या. जर्मनीच्या गिऱ्हाइकानं आपले मेल घेणंच बंद केलं. वाळूजच्या आख्ख्या फॅक्टरीत हे निस्तरणारा माणूस एकच. मी.

५ ऑक्टोबर
निश्चय: यादीत नाव असेल त्याचाच मेल बाहेर जाईल. बाकीचे गुपचूप कचऱ्यात. नकाराची चिठ्ठीही नाही. चिठ्ठी मिळाली की लोक वाद घालतात. यादी लग्नाच्या आवतणासारखी मानपानानं केली. आधी जीएम आप्पासाहेब, मग मॅनेजर लोक, मग अकाउंट्स. नोटीस बोर्डावर लावली.

७ ऑक्टोबर
केबिनबाहेर रांग. स्टोअरचा कडुबा दौलताबादची सीताफळं घेऊन आला. सीताफळं ठेवून घेतली, बघतो म्हणालो. डिस्पॅचच्या आवडाबाईंनी अर्जाला कॉम्प्युटरचा डिप्लोमा जोडलेला, वर मराठवाडा विद्यापीठाचं नवं नाव. म्हणालो, अनुभव लागतो.

८ ऑक्टोबर, दु. ३.१५
पुण्याच्या हेड ऑफिसात सिस्टिम्स मॅनेजरची जागा! बारा वर्षं हिच्यासाठीच काढली. अर्ज मेलनंच, वीस तारखेपर्यंत. पाठवला. बायकोला सांगितलं, पुंडलिकनगरच्या घराला भाडेकरू बघ.

११ ऑक्टोबर
उत्तर नाही. मोठी माणसं घाई करत नसतात.
आप्पासाहेबांच्या हुकमानं आवडाबाईंना यादीत घ्यावं लागलं. जर्मनीचे कागद म्हणे त्याच पाठवतात. सगळ्यात खाली घातलं.

१५ ऑक्टोबर
उत्तर नाही. पगारावर चर्चा चालू असणार. सूटकेस आणली.

२१ ऑक्टोबर
न राहवून पुण्याला फोन केला. औरंगाबादहून एकच अर्ज आलाय म्हणाले, आवडाबाईंचा. सर्व्हर उघडला. माझा अर्ज कचऱ्यात. यादीत माझं नावच नव्हतं. पण आवतणाच्या यादीत यजमान स्वतःचं नाव लिहितो काय?
आवडाबाईंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?
"व्हय सर. यादीत तुमचं नाव दोनदा हुडकलं. म्हटलं, तुम्हाला लागत नसंल."
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

३ नोव्हेंबर
आवडाबाईंची निवड झाली. सगळ्या ब्रँचना अभिनंदनाचा मेल लिहायचं काम आप्पासाहेबांनी मला दिलं. माझी भाषा चांगली आहे म्हणाले. लिहिला. यादीत नवं नाव घालायला पुण्याच्या नव्या नियमानं आता सिस्टिम्स मॅनेजरची सही लागते, म्हणून बाईंच्याच टेबलावरून पाठवला. त्यांनी आधी वाचला आणि दोन चुका दुरुस्त केल्या.