आईच्या हातचा डबा

१४ नोव्हेंबर, सांगली
वही, माफ कर. गणपतीनंतर तुला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. लिहिलं असतं तर ते खरं ठरलं असतं.
काल ह्यांना कोरेगावहून आणून मानसिक आजारांच्या वॉर्डात ठेवलं. मी चहात विष कालवते, भिंतीपलीकडची माणसं त्यावर बोलतात, असं ह्यांचं सारखं. गाडीत माझा हात पिरगळला. दिरांनी सोडवला, वर मलाच, "वैनी, तुमीच कायतरी बोलला असाल."

१५ नोव्हें.
डॉ. बाईंनी विचारलं, औषधं कोणती? म्हटलं, पाठीच्या दुखण्याच्या गोळ्या, फौजेतून आल्यापासून. किती? मला माहीत नव्हतं. बायको असून. हे हवालदार म्हणून रिटायर झाले, पण गावात प्रत्येक फौजी मेजर. मेडिकलवाला म्हणायचा, "मेजरकडं कसली चिठ्ठी मागायची?"
तपासणीत अफूच्या जातीचं औषध निघालं. भ्रम त्यामुळे, की मुळातच वेगळा आजार, ते बाई आत्ता सांगत नाहीत. गोळ्या बंद, बदली औषध त्या स्वतः मोजून देणार, भ्रमावर वेगळं. गोळ्या अंगातून गेल्यावर आवाज थांबले तर सुटलो. नाहीतर कदाचित जन्मभराचं. बाहेरची एकही गोळी पोटात गेली तर काहीच कळणार नाही, हे दोनदा बजावलं.

१७
माझ्या हातचं खात नाहीत, वॉर्डातलंही नाही. "हिला आधी भाईर काडा." सासूबाईंचा डबा मात्र मुकाट्याने. भाकरी, शेंगांची चटणी. भरवताना माझ्याकडे बघून, "आईच्या हातात इख नसतं, व्हय रं बाळा?" मी बाहेर बाकावर जाऊन बसले. इतका राग आला की स्वतःचीच भीती वाटली.

२१
आवाज कमी. दुपारी मला नावाने हाक. "च्या घेतलास का?" एवढंच. पुरलं.

२४
पुन्हा सगळं. सकाळी गुंगीत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, संध्याकाळी भिंतीशी भांडण. डॉ. बाईंनी बदली औषधाचा डोस पुन्हा तपासला. म्हणाल्या, "मुळातलाच आजार असेल का, बघावं लागेल."

२५
डबा धुताना चटणीत पांढरा तुकडा. गोळीचा.
"आत्या, हे काय?"
सासूबाई डगमगल्या नाहीत. "लय तळमळतंय माजं पोर. पाठीची गोळी निम्मीच देते. तुला न्हाई कळायचं, तू काय पोटात वागवलंस त्याला?"
म्हटलं, डॉक्टरांना सांगणार.
"सांग की. मग त्याला कोण भरवतंय ते बगू."
म्हणजे जेवणात कोणीतरी कालवत होतं हे खरंच. ह्यांना ठाऊक असेल? म्हणून तो डबा गोड लागत होता?
सांगितलं तर सासूबाईंना वॉर्डबंदी. हे उपाशी राहतील, मी आईलाही पळवून लावलं म्हणतील. आणि मला सांगायचंय ते ह्यांच्यासाठी, की त्या बाईचं तोंड उतरलेलं बघायला? तासभर विचार केला. दोन्ही. वेगळं करता येत नाही.

उद्या: राऊंडच्या आधी डॉ. बाईंना डब्याचं सांगणे.