गौरी ताम्हिणीला जाणार नाही

२ फेब्रु. २००४
रविवारी सुमनला बघायला मुठ्याचे पाहुणे येणार. एकुलती एक नणंद, तेव्हा घरात धांदल. सासूबाईंनी चहा गाळता गाळता फर्मावलं, "गौरीला घिऊन ताम्हिनीला म्हायेरी जा. पोरगी बघून पावनं म्हनतील, यांच्या रगतातच हाय."
चार वर्षांची माझी पोर, डाउन सिंड्रोम आहे म्हणून तिला लपवायची! अंगाचा तिळपापड झाला. जाणार नाही.

४ फेब्रु.
पौडहून एसटीनं पुणे. सुमनलाही ओढून नेलं. स्वतःच्या कानांनी ऐकू दे.
गौरीच्या डॉ. बाईंना तिच्यासमोरच विचारलं. त्या म्हणाल्या, गुणसूत्रांच्या जोड्या असतात. गौरीच्या एकविसाव्या जोडीत दोनाच्या जागी तीन आहेत. गर्भ राहतानाच ते ठरलं. तिसरं सुटं आहे, दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं नाही, म्हणजे घराण्यातून आलेलं नाही. "सुमनच्या मुलांना यामुळे जास्त धोका नाही."
येताना सुमन खिडकीबाहेर बघत राहिली.

५ फेब्रु.
सासूबाईंना सगळं सांगितलं.
"मला नगं शिकवू. पोटुशी आसताना गिरानात इळी कुनी धरली हुती?"
"आत्याबाई, गिरान लागलं पाचव्या महिन्यात. हिचं पहिल्याच दिवशी ठरलं हुतं!"
"लई शानी झालीस."
हे म्हणाले, "आई म्हनतीया तर जा की दोन दिस." यांच्याशी अबोला.
सुमन गप्पच. तिचाही राग आला. मग वाटलं, लग्न तिचं अडणार, ती काय बोलेल?

८ फेब्रु. रवि.
गेले नाही. सासूबाईंनी आम्हा दोघींना मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. स्वतःच्या घरात!
कपबश्या वाजल्या. मग कडी निघाली. दारात सुमन, नवी साडी, डोक्यावर पदर. गौरीला कडेवर घेतलं नि तडक बाहेर. मी मागोमाग.
सुमन पाटावर, गौरी तिच्या मांडीवर. मुलाच्या मामांनी विचारलं, "नाव काय पोरी?"
गौरीच ओरडली, "गौली!" दवाखान्यात दर वेळी विचारतात, पाठ आहे तिला.
कुणी हसेना. सुमन म्हणाली, "ही माजी भाची. हिला डाउन सिंड्रोम हाय. रगतातनं आल्यालं न्हाई, मी डाक्टरला इचारलंय. तुमाला काय इचारायचं आसंल ते हितंच इचारा."
"कळवतो," म्हणून उठले. मुलगा जाताना गौरीकडे बघून हसला. की मलाच तसं वाटलं...

१५ फेब्रु.
मुठ्याचा निरोप नाही. सासूबाई जेवायलाही हाक मारत नाहीत. मारेनात का.
आज दुसरं स्थळ आलं, येत्या रविवारी बघायला येतायत. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्या टायमाला तरी..."
आतून सुमनचा आवाज, "वैनी, गौरीला फ्राक कंचा घालायचा?"