गालावरचा डाग गेल्याची तक्रार

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकवत नाही. दिवसभर गाडी शिकवताना शिकाऊ लोकांच्या शेजारी जादा ब्रेकवर पाय ठेवून बसल्याने गुडघा कुरकुरतो. उरलेला नमस्कार मनातल्या मनात.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे. फोनवर तू तिसऱ्याच वाक्याला "बरं, ठेवते" म्हणतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. निदान माझं बोलणं तरी पुरं होईल.

तू पार्सलने पाठवलेली डाग घालवायच्या औषधाची, नायसिनामाइडची बाटली मिळून चार महिने झाले. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतंस की तोंड धुवून रोज दोन थेंब लावायचे, वरून क्रीम, बाहेर पडताना सनस्क्रीन, आणि धीर धरायचा. पहिल्या तीन गोष्टी जमण्यासारख्या होत्या. का पाठवलीस ते विचारत नाही. मागच्या फोटोत माझा खिडकीकडचा गाल तुला दिसला असणार. एकवीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मी एकाच बाजूला बसते, ऊन एकाच गालावर पडतं, आणि त्या गालावर वांगाचा हा एवढा डाग. दुसरा गाल मात्र अजून लग्नाळू.

माझं डोकं मेकॅनिकचं, बिघाड जिथे दुरुस्ती तिथे. म्हणून दोन थेंब सगळ्या तोंडाला लावायचे सोडून दहा थेंब त्या एकाच गालावर ओतले आणि खसाखसा चोळले. गाल लालबुंद झाला, वर सालं निघाली. त्या दिवशी गाडी शिकायला आलेले गणिताचे निवृत्त मास्तर रस्ता सोडून माझ्या तोंडाकडेच बघत राहिले, आणि मी ब्रेक दाबेपर्यंत कोपऱ्यावरचा कचऱ्याचा डबा आडवा. वर मलाच विचारतात, घरी कुणी हात उगारतं का हो? (घरी बाबांशिवाय कुणी नाही, आणि त्यांनी हात उगारला तर मीच तो धरून त्यांना उठवून बसवीन.) शेवटी खालच्या औषधांच्या दुकानातल्या बाईंनी माझी खरडपट्टी काढली. आठवडाभर सगळं बंद, मग दोनच थेंब, अख्ख्या तोंडाला, आणि सनस्क्रीनशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. तेव्हापासून मी शिकाऊंना बजावते तसं रोज आरशापुढे स्वतःला बजावायची, आधी आरसा बघ, मग थेंब, मग क्रीम, घाई नको. बाराव्या आठवड्यात डाग फिका झाला, आणि आता तर शोधावा लागतो. हे सांगताना मला आनंद व्हायला हवा होता.

आता बाबांविषयी. घाबरू नकोस, जेवतात, झोपतात. फक्त माणसं पुसट झाली आहेत. शिंपीकामाची सवय मात्र हातातून गेलेली नाही. कुणीही आलं की हनुवटी धरतात आणि कापड उजेडात बघावं तसं तोंड खिडकीकडे वळवतात. माझंही वळवायचे, डागावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "आलीस का गं धाकटे?" दोन वर्षं रोज तेच वाक्य ऐकून मला कंटाळाही आला होता, खोटं कशाला बोलू. आपल्या दोघींचं नाक, डोळे, भुवया, सगळं एका साच्यातलं. फरक तेवढ्या डागाचा होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मागच्या महिन्यात त्यांनी नेहमीसारखं तोंड वळवलं, बराच वेळ बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "थोरले, आलीस?"

तेव्हापासून मी तू आहे. पहिल्या दिवशी सांगून पाहिलं की बाबा, मी धाकटी. त्यांनी पुन्हा उजेडात धरून बघितलं, मान हलवली, आणि इतके केविलवाणे झाले की दुसऱ्या दिवसापासून मी मुकाट्याने थोरली झाले. रोज संध्याकाळी माझा हात धरून माफी मागतात. तू त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलंस त्या दिवशी ते दार लावून मशीनवर बसून राहिले, तुझ्या लग्नाचा पोशाख शिवायला घेतला होता त्याला बाह्या लावायच्या राहिल्या, सगळं सांगतात. अकरा वर्षांपूर्वीचं हे बारीकसारीक आठवतं, सकाळी काय खाल्लं ते नाही. तुझ्या वतीने मी त्यांना आजवर एकोणतीस वेळा माफ केलं आहे. (तुला न विचारता केलं, राग मानू नकोस.)

माफ केलं की जरा सावरतात आणि विचारतात, धाकटी कुठे आहे, हल्ली फिरकत नाही. मी सांगते, कामात असेल. मग म्हणतात, तिला माझा कंटाळा आला असेल. त्यांचं अंग पुसायचं, नखं कापायची, गोळ्या भरवायच्या, सगळं मी करायचं, आणि न फिरकणारी कार्टीही मीच! हसू येतं गं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडते.

बाकी ठीक. भावोजींना नमस्कार सांग. तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी (सध्या तीही नाही)

ता. क. दुसरी बाटली पाठवू नकोस. डाग परत कसा आणायचा हे मी औषधवाल्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या असं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही. सनस्क्रीन सोडलं आहे. नऊ दिवस झाले, भर दुपारचे सगळे शिकाऊ मीच घेते, काच खाली करून. तोवर भुवयांच्या पेन्सिलीने डाग रंगवून पाहिला. बाबांनी अंगठ्याने पुसून टाकला आणि म्हणाले, कापडाला खडू राहिलाय.

आणखी एक. वर सगळं ठीक आहे असं लिहिलं आहे, ते खोडत बसत नाही. पण ताई, तू ये. त्यांची माफी मला ऐकवत नाही, ती माझी नाही. तू येऊन त्यांच्यासमोर बस, त्यांना तुझं तोंड उजेडात धरू दे, म्हणजे थोरली त्यांना एकदाची सापडेल. मग शेजारी उभी असलेली ही दुसरी कोण, असं ते विचारतील. त्यांनी तेवढं विचारावं म्हणून ये.