रतनवाडी ते भीमाशंकर, अब्बांशिवाय

प्रिय अब्बा,

सलाम. तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली आणि मी तुम्हाला आज पहिलं पत्र लिहून राहिले. घरात आपण दखनी बोलायचो, पण मी लातूरला शिकायला आले तेव्हा तुम्ही पत्रं मराठीतच लिहायचात, सातवीपर्यंतच्या शाळेत घोटलेल्या त्या वळणदार अक्षरात. म्हणून मीही मराठीतच लिहिते.

आज दुपारी क्लासच्या सरांकडे सुट्टी मागायला गेले होते. दिवाळी संपली की दहा दिवस. रतनवाडीहून निघायचं, हरिश्चंद्रगड, नाणेघाट, आहुपे करत सह्याद्रीच्या धारेनं, माथ्यामाथ्यावरून, भीमाशंकरला पोचायचं. हो, तेच! आपलंच. पण सर मला असं काही बोलून गेले की मी खाली उतरताना जिन्यातच बसले. बाजूनं पोरं बायोलॉजीच्या वह्या घेऊन वर चढत होती, "मॅडम, बरं वाटत नाही का?" विचारत होती.

ते सांगतेच. आधी जरा मागचं बोलू द्या.

तुम्हाला हे डोंगराचं वेड कुठून लागलं, ते अम्मीला अजून कळलेलं नाही. उदगीरच्या बाजारात ताडपत्र्या आणि तंबू शिवणारा माणूस, त्यानं डोंगर बघितला कधी? मला मात्र माहीत आहे. मी तेरा वर्षांची होते. भूकंप झाला, आपल्याकडे नुसती मांडणीवरची भांडी पडली, आणि तिकडे किल्लारीत गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. तिसऱ्या दिवशी तुम्ही शिलाई मशीन जीपच्या टपावर बांधलं आणि निघालात. अम्मी म्हणाली, "तुम्ही डॉक्टर आहात का, पोलीस आहात का? तुमचं तिथं काय काम?" तुम्ही म्हणालात, "लोक तंबूत राहून राहिलेत. तंबू फाटत न्हाईत का?"

तीन महिन्यांनी परत आलात. तिथं काय पाहिलं ते कधीच बोलला नाहीत. फक्त घरात झोपेनासे झालात. बाज अंगणात ओढायचात. थंडी असो, काही असो. मी विचारलं तर म्हणालात, "डोक्यावर दगड नको वाटतो, बेटा. आभाळ बरं."

आणि मग त्या गुरुजींची गोष्ट सांगितलीत. नाशिककडचे कुणी शिक्षक, किल्लारीला मदतीला आलेले. त्यांच्या पाठपिशवीचा पट्टा तुटला होता, तो तुम्ही शिवून दिलात. शिवता शिवता विचारलंत, एवढी मोठी पिशवी कशाला? ते म्हणाले, हिच्यात घर मावतं. दिवाळीनंतर पाऊस गेलेला असतो, झऱ्यांना पाणी असतं, गवत सोनेरी झालेलं असतं, तेव्हा आम्ही दहा-दहा दिवस डोंगराच्या धारेनं चालतो आणि आभाळाखाली झोपतो. तुमच्या खडूनं त्यांनी तंबूच्या कापडावर ती धार काढून दाखवली. तुम्ही ती मापांच्या वहीत उतरवून घेतलीत, गावांच्या नावांसकट.

त्या दिवसापासून आपलं ठरलं. ठरलं म्हणजे काय, दर वर्षी ठरायचं! माझी दहावी होऊ दे. बारावी होऊ दे. बी.एस्सी. होऊ दे. मग मी लातूरला क्लासमध्ये शिकवायला लागले आणि बघता बघता गल्लोगल्ली क्लास झाले, वसतिगृहं झाली, अख्ख्या मराठवाड्यातली डॉक्टर व्हायची पोरं इथं येऊन राहिली. दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे उजळणीचे दिवस. तुम्ही फोनवर विचारायचात, "यंदा?" मी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." तुम्ही कधी कुरकुरला नाहीत. जुम्म्याची नमाज झाली की किल्ल्याच्या खंदकाला दोन फेऱ्या मारायचात. विचारलं की म्हणायचात, "पाय तयार ठेवून राहिलो."

आणि मग बारा वर्षांपूर्वीची ती दिवाळी आली. आठवते ना? खरंच जमलं होतं, अब्बा! पुण्याच्या एका ट्रेकिंग ग्रुपमध्ये मी आपली दोघांची नावं दिली होती. सरांनी सुट्टी दिली होती. तुम्ही दोन सॅक शिवून लातूरला घेऊन आलात. घरातल्या जाड खाकी कॅनव्हासच्या, तिहेरी शिलाईच्या. माझी मला स्टाफरूममध्येच दिलीत आणि तुमची घेऊन शेवटच्या बसनं परत गेलात.

तुम्ही जिना उतरलात आणि केमिस्ट्रीच्या मॅडमनी सॅक उचलून बघितली. "हे काय मॅडम, पोस्टमनची पिशवी?" सगळे हसले.

मी पण हसले, अब्बा.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला तर नाहीच.

त्या रात्री ग्रुपमधल्या लोकांचे फोटो आले. चकचकीत जॅकेटं, रंगीत सॅक, कुणी डॉक्टर, कुणी कॉम्प्युटरवाले. त्यांच्यात मी तुम्हाला उभं करून पाहिलं. पायजमा, टायरच्या सोलची चप्पल, "लई भारी हाय" म्हणणारे तुम्ही. मी स्वतःला म्हटलं, त्यांचं वय झालंय, गुडघा दुखतो, जमणार नाही त्यांना. खोटं होतं ते. मला लाज वाटली होती. तुमची लाज! ज्यांनी शिवलेल्या ताडपत्र्यांवर माझं शिक्षण झालं, त्यांची.

मी तुम्हाला फोन केला आणि म्हणाले, "अब्बा, सुट्टी नाही मिळाली. सर नाहीच म्हणाले."

तुम्ही म्हणालात, "असू दे बेटा. डोंगर कुठं पळून चाललाय?"

त्यानंतर तुम्ही "यंदा?" असं विचारणं सोडलंत. मला वाटलं, वय झालं, हौस फिटली. एकदा मीच म्हटलं, जायचं का? तर म्हणालात, "तू जाऊन ये. मला गुडघा साथ देत न्हाई." आणि त्याच आठवड्यात शिडीवर चढून मंगल कार्यालयाचा मांडव बांधलात! माझ्या लक्षात कसं नाही आलं?

आता आजचं सांगते.

सर म्हणाले, "नोव्हेंबरात सुट्टी? मॅडम, रिपीटर बॅचचं काय करायचं?" मी म्हटलं, "दुसरं कुणी बघेल. यंदा मला जायचंच आहे." त्यांनी जरा बघितलं माझ्याकडं, मग म्हणाले, "जा. पण मागच्यासारखं करू नका. सुट्टी घेतलीत आणि मग नको म्हणालात. चाचा बिचारे उगीच आले उदगीरहून."

"कोण आले?"

"तुमचे वडील. तुम्हाला अजून माहीत नाही? दुसऱ्याच दिवशी सकाळी आले होते. हात जोडून म्हणाले, 'साहेब, दहा दिवस माझ्या पोरीला सोडा, लई वर्षांची इच्छा हाय तिची.' मी म्हटलं, चाचा, मी तर आठ दिवसांपूर्वीच सोडलंय की! चहा घेतला. निघताना म्हणाले, 'तिची काहीतरी मजबुरी असंल. मी आलो होतो हे तिला बोलू नका.'"

तिची इच्छा! माझी इच्छा म्हणालात तुम्ही. स्वतःची नाही.

अब्बा, त्या सकाळी मी वरच्या मजल्यावर पेशीविभाजन शिकवत होते. तुम्ही खाली येऊन चहा पिऊन गेलात आणि मला भेटलासुद्धा नाहीत? एक जिना चढून आला असतात. वर्गातून बाहेर बोलावून सगळ्यांसमोर विचारलं असतंत, "का गं खोटं बोललीस?" मी रडले असते, पाया पडले असते आणि कदाचित गेलोही असतो आपण. नऊ वर्षं तुम्ही माझ्याशी हसून बोललात, ईदला शीरखुर्म्याची वाटी पुढे केलीत आणि एकदासुद्धा रागावला नाहीत. ही कसली माफी? माफीनं माणूस असा जळतो हे तुम्हाला माहीत नव्हतं का?

नांदेडला अम्मीला फोन केला. ती भाईजानकडंच असते आता, अर्धापूरच्या केळ्यांच्या तक्रारी करत. विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "होतं. त्या दिवशी लातूरहून घरी आले, जेवले न्हाईत. आपली सॅक घेतली आणि उसवायला बसले. मी म्हटलं, का हो? तर म्हणाले, नसीमच्या सॅकला पट्ट्यात अस्तर कमी पडलं. उद्या एकटी गेली तर खांद्याला रुतंल. माझ्यातलं काढून तिच्यात घालतो."

म्हणून त्या रमजानला तुम्ही माझी सॅक "जरा दुरुस्तीला" मागून नेली होतीत! आणि मी ती परत आल्यावर कपाटावर टाकून दिली.

आता तयारी कुठवर आली ते ऐका. क्लासचे चार मजले मी रोज सकाळी कपाटावरून काढलेल्या त्याच सॅकमध्ये सराव प्रश्नांचे गठ्ठे भरून सहा वेळा चढते. पोरं वेडी समजतात, समजू देत. पहिल्या दोन दिवसांना धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी, पुढं सातूचं पीठ. एक घोंगडी, टॉर्च, पायाला फोड आले तर मलम. कात्राबाईच्या खिंडीपर्यंत वाट दाखवायला रतनवाडीचा माणूस येईल, पुढं गावागावांतून दुसरे. यंदा कुठल्याच ग्रुपमध्ये नाव दिलेलं नाही. वहीतली धार मी नकाशावर ठेवून तपासली. गुरुजींनी दोन गावं उलटी लिहून दिली होती, तुम्ही पण तशीच उतरवलीत. मला हसू आलं आणि मग पुढचं काही दिसेना.

रतनवाडीत ज्या बाईंकडं पहिली रात्र राहायची, त्यांनी फोनवर विचारलं, "एकट्याच का ताई? घरचं कुणी न्हाई सोबत?"

मी म्हटलं, "वडील येणार होते. मीच आणलं नाही."

त्या म्हणाल्या, "या. भाकर गरम करून ठेवते."

बारा वर्षांत ते पहिल्यांदा तोंडातून निघालं, अब्बा. एका अनोळखी बाईपाशी.

मी माफी मागणार नाही. ती तुम्ही तेव्हाच देऊन बसलात, माझ्या हातात आता देण्याघेण्यासारखं काही ठेवलंच नाहीत. एकच वचन देते. भीमाशंकरहून परतले की आधी लातूरला येणार नाही, थेट उदगीरला उतरेन. कब्रस्तानात बायकांना आत सोडत नाहीत, माहीत आहे. मी फाटकाशी उभी राहीन आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगेन, कुठं दमले, कुठं घाबरले, आभाळाखाली झोप लागली की नाही, सगळं. मोठ्यानं सांगेन, आतपर्यंत ऐकू जाईल असं. येणारे-जाणारे बघतील, बघू देत. कुणी विचारलंच, बाई कुणाशी बोलून राहिलीस, तर तुमचं नाव घेईन, आणि तुम्ही काय शिवायचात तेही सांगेन.

तुमची,
नसीम
लातूर