चार नंबरची साक्षीदार

शुक्रवार, सकाळी सात

चि. धाकटे,
अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा आता दुखत नाही. तुझं पत्र पोचलं. वाचलं आणि फाडून टाकलं. रागावू नकोस, कारण सांगतो.

कोर्टाचं कामकाज पडद्यावर दाखवून मुलांना कायदा शिकवायचा, ही कल्पना मला आवडली होती. पहिल्या दिवशी ते फक्त तुझ्याच वर्गात दिसणार होतं. सव्वीस वर्षं दारात उभा राहून मी नावं पुकारतोय, पण त्या दिवशी टोपी दोनदा सारखी केली. धाकटी ऐकतेय म्हणून आवाजही जरा चढवला.

पुकारायच्या चिठ्ठीवर एका साक्षीदार बाईच्या नावापुढे, तिची ओळख लपवायची म्हणून, लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'फक्त नंबर चार.' मी सवयीने पूर्ण नाव पुकारलं. तीनदा.

कारकून धावत आला. "मामा, अहो, काय केलंत! नशीब, साहेब बसल्याशिवाय माइक चालू होत नाही. आता गप्प राहा."

मी गप्प राहिलो. साहेबांनाही काही बोललो नाही.

आणि तू कौतुकाने लिहिलंस, मधल्या सुट्टीत मुलं कोर्ट-कोर्ट खेळतात, दादासारखी हाळी देतात. पुढे तू तेच नाव लिहिलंस. म्हणजे माइक चालू होता.

काल चहाच्या टपरीवर आरोपीचा भाऊ शेजारी येऊन बसला. "मामा, चार नंबर म्हणजे कोण हो?" अगदी गोड आवाजात. मी म्हटलं, "मला काय माहीत, मी आपला शिपाई." तो हसला, माझा चहा सांडला. त्या बाईला लहान मुलगी आहे गं. सोमवारी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी खुलं होणार आहे.

पहाटे देवासमोर बसलो. देवाचं नाव घ्यायला गेलो तर ओठावर तिचंच आलं. तसाच उठलो.

साडेदहाला साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगणार आहे. नोकरी राहील असं वाटत नाही. पण रेकॉर्डिंग थांबेल, तिला वेळेवर सुरक्षित जागी हलवतील.

फोनवर हे बोलायचा धीर झाला नाही, म्हणून बसच्या ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी देतोय. मिळाल्याबरोबर मुलांचा तो खेळ थांबव. ओरडू नकोस, जवळ बसवून समजाव. हाही कायद्याचा धडाच आहे, आणि चूक त्यांची नाही, तुझ्या दादाची आहे हे सांग.

हेही पत्र फाड. यात तिचं नाव नाही, तरी फाड.

आजवर दुसऱ्यांना आत बोलावणारा, आज न पुकारता आत जाणारा,
तुझा दादा