वेळेवर आलेला चेंडू

प्रिय लंबू,

परवा तुझा फोन मी मध्येच ठेवला. दूध उतू जातंय म्हणाले. दूध गॅसवर नव्हतंच, ते सकाळीच तापवून झाकून ठेवलं होतं. तू विचारलेल्या दोन्ही गोष्टींची उत्तरं माझ्या जिभेवर होती, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? 'ताई ऐक ना, ताई ऐक ना' करत आपलंच पुढे रेटत राहतेस. पत्रात निदान मला कुणी अडवत नाही. कागद यांच्या ऑफिसातले पाठकोरे आहेत, नाक मुरडू नकोस. एक बाजू छापलेली आहे म्हणून दुसरी वाया घालवणं मला अजून जमत नाही.

पिटूच्या शाळेच्या व्हॉलीबॉल सामन्याचं चित्रण यांनी तुला पाठवलं, ते मला न विचारता. माणूस भोळा. मेहुणी देशाची कप्तान होती, हे ते भाजीवाल्यालासुद्धा सांगतात आणि वर तोंडली जून घेऊन येतात. तू ते चित्रण पाहिलंस आणि तुझा फोन आला, की पिटूला माझ्याकडे पाठव, माझ्या घरी राहील, माझ्या अकादमीत शिकेल, तिचे हात बघून मला तुझे हात आठवले. आणि मग विचारलंस, हे हात घडवले कुणी? तेव्हापासून पोरगी जमिनीवर नाही. तिच्या पलंगाशी तुझं उभं चित्र लावलेलं आहे, तुझे पाय खाली मावले नाहीत म्हणून दुमडून चिकटवलंय. रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते, मावशीला काय कळवलंस? मी म्हणते, देवाला विचारतेय. काल म्हणाली, देव तुझा फोन उचलत नाही का? हसू आलं, पण हसले नाही. तिचं सगळं या एका उत्तरावर टांगलंय हे मला दिसतं गं. म्हणून तर इतके दिवस लागले.

आपलं मागचं अंगण आठवतं? कपडे वाळत घालायच्या दोरीवर आईची जुनी चादर टाकून आपण नेट करायचो. चेंडू एका अंगाने फुगलेला, सायकलवाल्याने ठिगळ लावलेला, कुठेही पडला तरी डावीकडेच पळायचा. आणि डोक्यावर शेजारच्यांचा पत्रा. शेजारच्या काकूंचे यजमान रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. चेंडू पत्र्यावर वाजला की काकू बाहेर येऊन म्हणायच्या, तुमच्या बापाला सांगून दोघींचे हातच बांधून ठेवते. म्हणून मी तुला चेंडू कधी उंच दिलाच नाही. बोटांच्या टोकावरून जेमतेम वीतभर वर, बस. तो गाठायचा तर चेंडू माझ्या हातात यायच्या आधीच तुला उडी घ्यावी लागायची. तू उडी मारता मारता 'ताई!' म्हणायचीस आणि मी चेंडू तुझ्या तळव्यापाशी ठेवायची. पुढे साऱ्या जगाने ज्याला तुझी वीज म्हटलं, ती एका माणसाची झोप मोडू नये म्हणून जन्माला आली होती. टीव्हीवर मात्र तू सांगितलंस, की ही उडी परदेशातल्या क्लबच्या प्रशिक्षकांनी शिकवली. मी भांडी घासत होते. हे म्हणाले, अगं, तुझी बहीण बोलतेय. मी म्हटलं, ऐकू येतंय.

खेळाच्या वसतिगृहाच्या निवडीला आपण दोघी गेलो होतो, हेही तू कुठे सांगत नाहीस. खेळाचे मास्तर त्या साहेबांना विनवत होते, की साहेब, ही मोठी चेंडू उचलून देणारी आहे, सेटर आहे, सेटरला उंची कशाला? साहेबांनी मोजपट्टी माझ्या डोक्यावर टेकवली, तुझ्या डोक्यावर टेकवली आणि म्हणाले, मारणारी घेतो, उचलून देणाऱ्या आमच्याकडे पुष्कळ आहेत. तू वसतिगृहात गेलीस, मी मॅट्रिक झाले आणि या घरात आले. याचं मला दुःख नाही असं लिहिणार होते, पण देवाचं नाव घेऊन दिवस सुरू करणाऱ्या बाईने खोटं कशाला लिहावं? दुःख होतं. संसारात झिजून आता पातळ झालंय, इतकंच. तुझ्यावर राग मात्र तेव्हा नव्हता. तुझा प्रत्येक सामना मी पाहिला. देवापाशी कधी तुझा विजय मागितला नाही, समोरच्या मुलींच्याही आया कुठेतरी हात जोडून बसल्या असतील. मी फक्त एवढंच म्हणायची, हिचे पाय शाबूत ठेव.

तेवढंच त्याने ऐकलं नाही. तो अंतिम सामना. शेवटचा सेट, दोन्हीकडे बरोबरी, तुझा शर्ट पाठीला चिकटलेला आणि तोंड उघडं. तुझ्या शेजारी ती सेटर मुलगी, जिला तू प्रेमाने की कशाने कोण जाणे, बुटकी म्हणायचीस. तिने चेंडू दिला. छान दिला गं. वर्षानुवर्षं ती तुला देत होती तसाच, आपल्या अंगणातल्यापेक्षा जरासा उंच, नेटपासून जरासा सुटा. पण तू आधीच हवेत होतीस. चेंडू पोचला तेव्हा तू खाली यायला लागली होतीस, हात चेंडूच्या खाली गेला, चेंडू नेटमध्ये आणि तू एका पायावर. गुडघा फिरला तो मी पाहिला. माझ्या तोंडून किंकाळी निघाली, पिटू तेव्हा लहान होती, घाबरून रडायला लागली. सगळा देश म्हणाला, सेटरने उशीर केला. मी पदर तोंडात धरून बसले होते, कारण ती उडी मी ओळखली होती. थकलेलं अंग घरी परततं, तसं तुझं अंग त्या क्षणी आपल्या अंगणात परतलं होतं. तू तिच्या चेंडूसाठी उडी मारलीच नव्हतीस. माझ्या चेंडूसाठी मारली होतीस.

इथवर तुझा काही दोष नाही. खेळात चुकतं, अंग दमतं. पण दवाखान्यातल्या पलंगावरून, पायाला प्लास्टर, समोर माइकची गर्दी, तेव्हा तू म्हणालीस, पास उशिरा आला. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलली. गुंगी उतरल्यावर तू पुन्हा तेच म्हणालीस. मग मानपत्र घेताना, मग अकादमीच्या उद्घाटनाला, आणि आता तर तुझ्या त्या मुलाखतीत हसत हसत, की बुटकीला मी केव्हाच माफ केलं. माफ! घराचा जमाखर्च मी लिहिते लंबू. एकाने केलेला खर्च दुसऱ्याच्या नावावर मांडलेला मला माझ्या वहीत चालत नाही, तो तुझ्या तोंडी कसा चालेल? मी तेव्हा फोनवर तुला म्हटलंही होतं, चेंडू उशिरा नव्हता गं. तू म्हणालीस, ताई, तू शाळेच्या पुढे खेळली नाहीस, तुला त्यातलं काय कळतं? त्यावर मी गप्प बसले. मॅट्रिक झालेल्या बायकांना गप्प बसायची सवय असते.

गेल्या वर्षी मावसबहिणीकडून परत येताना आमची बस चुकली आणि आगारात बसून राहावं लागलं. पुढच्या गाडीचा पत्ता नाही. चौकशीच्या खिडकीशी रांग, आणि रांगेतला एक जाडसर गृहस्थ मोठ्याने म्हणाला, या खिडकीत कुणाला बसवलंय बघा ना, मग गाड्या वेळेवर कशा येतील? सगळी रांग हसली. मी हसायच्या बेतात होते, पण आत डोकावले आणि तशीच राहिले. बुटकी होती. खाली मान घालून लाल पेनाने वेळापत्रकात काहीतरी दुरुस्त करत होती, आणि त्याच गृहस्थाला शांतपणे सांगत होती, की काका, तुमची गाडी मागच्या थांब्यावरून निघालीय, फलाट दोनवर थांबा, उन्हात उभे राहू नका. त्या सामन्यानंतर संघातून नाव गेलं, मग नोकरीतली खेळाडूची बढती गेली, ठरत आलेलं लग्न त्या लोकांनी काहीतरी निमित्त काढून मोडलं. हे तिने नाही सांगितलं, शेजारच्या खिडकीतल्या बाईने सांगितलं. गर्दी पांगल्यावर मी माझी ओळख दिली. वाटलं, आता ही खिडकी लावून घेणार. तिने आतून माझ्यासाठी खुर्ची बाहेर काढली. मी म्हटलं, बाळ, तू उशीर केला नव्हतास, मला माहीत आहे. तिने लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, उडी मारताना त्यांनी 'ताई' म्हणून हाक मारली होती. आमच्यात तशी कुणीच कुणाला हाक मारत नसे. मला कळेना मी काय करू, चेंडू तर हातातून सुटला होता. मी विचारलं, हे कधी कुणाला सांगितलं का नाहीस? तर म्हणे, त्या पलंगावर होत्या आणि मी माझ्या पायांवर उभी होते. उभ्या असलेल्याचं कोण ऐकतं?

आता तुझी उत्तरं. पिटूचे हात माझ्यासारखे नाहीत. माझे हात चादरीच्या नेटवर शिकले, तिचे बुटकीने घडवलेत. वर्षभर दर रविवारी सकाळची पाळी संपली की आगारामागच्या मोकळ्या जागेत, अंगावर गणवेश तसाच, साडीचा पदर खोचून. पैशाचं नाव काढलं तर रागावते, म्हणून मी डबा देते. पिटू तिला नुसतं बाई म्हणते. बाई कोण, हे तिला ठाऊक नाही, तो सामना झाला तेव्हा ती फार लहान होती. आणि बाईंनी माझ्याकडून वचन घेतलंय, की तिच्या मावशीचं चित्र भिंतीवरून काढायला लावू नका. मी वचन पाळलंय, पण रोज ते चित्र पुसताना माझा हात जड होतो. दुसरं उत्तर हे, की पिटूला मी तुझ्याकडे पाठवणार नाही. ती रडेल, माझ्याशी चार दिवस बोलणार नाही, हेही मला घालून पाडून बोलतील, ते मी सोसेन. उद्या तुझ्या हातून एखादा चेंडू चुकला तर तो तिच्या नावावर पडणार नाही, याची खात्री मला कोण देणार? तिला न्यायचंच असेल तर आधी तू ये. मोटार बाहेर ठेव, आगारात जा, चौकशीच्या खिडकीपुढे सगळ्यांसारखी रांगेत उभी राहा. रविवारी नको, कामाच्या दिवशी, गर्दीत ये. तुला लोक ओळखतील, गोळा होतील, फोन वर धरतील, ते बरंच होईल. मी पिटूला घेऊन तिथे बाकावर बसलेली असेन. तुझा नंबर आला की चौकशी काही करू नकोस. मागच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने एवढंच म्हण, की चेंडू वेळेवर होता, माझी उडी लवकर होती.

तोवर आणि त्यानंतरही,
तू जिला हाक मारलीस ती,
तुझीच ताई